गोव्यातली तालुका कोर्टं: संगणक आला, वही गेली नाही

मांडवीकाठ:
न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली, त्या वेळचा खर्चाचा तक्ता परवा निवांत वाचला. चार वर्षांसाठी ७२१० कोटी रुपये. फायली स्कॅन करून जपायला २०३८.४० कोटी, क्लाउडला १२०५.२३ कोटी, कागदविरहित न्यायालयांना ३५९.२० कोटी, सौरऊर्जेच्या बॅकअपला २२९.५० कोटी. आणि कोर्टात काम ज्या रीतीने चालतं ती रीतच नव्याने बसवायला? ३३ कोटी. शंभर रुपयांतले पन्नास पैसेसुद्धा नाहीत.

ज्यांचा कोर्टाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: जिल्हा आणि तालुका न्यायालयांत दाखल होणारं प्रत्येक प्रकरण सीआयएस नावाच्या प्रणालीत चढतं. पुण्याच्या एनआयसीने, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, ती बांधली, सगळी मुक्तस्रोत साधनं वापरून. मेरशी असो, मडगाव असो की काणकोण, प्रणाली तीच. आपण मोबाइलवर पुढची तारीख बघतो ती तिच्यातूनच येते.

ही प्रणाली जुनी झाली असं मी म्हणतो तेव्हा तिच्या रंगरूपाबद्दल माझी तक्रार नाही. ती खटल्याकडे अजून नोंदवहीतली एक ओळ म्हणून बघते. नंबर, पक्षकार, टप्पा, पुढची तारीख. वहीची ओळ पडद्यावर आली, वही मात्र टेबलावरच राहिली, आणि आता दोन्ही भरायच्या. आमच्या घरचा वाटणीचा दावा एका तालुक्याच्या कोर्टात आहे. ॲपवर एक तारीख, फायलीवर दुसरी, असं झालं आणि वयस्कर आत्या भाड्याची गाडी करून उगाच येऊन गेली. तिथल्या कारकुनाचा मला राग नाही. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायला लावली की कधीतरी फरक पडणारच.

तर प्रश्न असा: गोव्यातल्या कोर्टांत आधी काय बदलायला हवं? कोर्टात रोज वावरणाऱ्यांनी लिहावं. ‘सगळंच भ्रष्ट आहे’ छापाचे प्रतिसाद नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

काळा_कोट:
मुद्दा मान्य, पण आधी जे झालं त्याचं माप पदरात घाला. मी वकिलीला लागलो तेव्हा पुढची तारीख कळायला माणूस पाठवावा लागे. आज सोळा खुणांचा सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकला की म्हापशात बसून सांग्याची केस दिसते. तालुक्यात एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला याचा केवढा आधार आहे ते त्यालाच विचारा.

माझं दुखणं ई-फायलिंगचं. वादपत्र पीडीएफ करा, पानांना क्रमांक द्या, बुकमार्क घाला, डिजिटल सही करा, चढवा. मग तेच सगळं छापून, टाचून काउंटरवर न्या. ऑनलाइन छाननीत एक हरकत निघते, काउंटरवर दुसरी. कोर्ट फी ऑनलाइन भरली तर तिची पावती छापून जोडायची! ज्युनिअरचा अर्धा दिवस यातच जातो. याला आधुनिकीकरण म्हणायचं असेल तर म्हणा.

न्यायाधीश कागदच मागतात अशी ओरड होते, ती मला पटत नाही. उलटतपासणी चालू असताना जबानी, निशाणी (पुरावा म्हणून क्रमांक दिलेला कागद) आणि सर्व्हे प्लॅन असं तिन्हींत मागे-पुढे जायचं असतं. आत्ताच्या पडद्यावर ते जमत नाही. तीन कागद शेजारीशेजारी उघडतील, त्यांवर खासगी टिपणं करता येतील असं काही द्या, मग बघा कागद सुटतो की नाही.

जुनी_दप्तरं:
मी कोर्टाच्या सेवेतून निवृत्त झालो. कुठल्या ते विचारू नका.

मांडवीकाठ, वही का जात नाही ते बाहेरून कळायचं नाही. माझ्या काळात तपासणीला साहेब आले की पहिल्यांदा वही मागत. वहीत खाडाखोड दिसली तर मेमो, वही अपुरी असली तर मेमो. सीआयएसमधली नोंद अपुरी राहिली तर फार तर आठवण करून देत. मग शहाणा कारकून आधी काय भरेल, सांगा.

दिवस कसा जातो तेही सांगतो. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लागतं, पुकारा सुरू होतो. बेंच क्लार्क फायलीवर आणि डायरीत पुढची तारीख मांडत जातो. वकील पुढे येऊन ‘ही नको, पुढची द्या’ म्हणतात, तारीख खोडून दुसरी पडते. तितक्यात साक्ष सुरू होते, निशाण्या मारायच्या, सह्या घ्यायच्या. सीआयएसमध्ये नोंद होते ती चार-साडेचारनंतर. त्या वेळी रोजनामा, म्हणजे दिवसभरात प्रकरणात काय झालं त्याची नोंद, टाइप व्हायचा असतो, उद्याच्या फायली काढायच्या असतात, आणि समन्सं बजावणीसाठी नाझराकडे जायची असतात. खोडलेली तारीख चढली की खोडल्यानंतरची, हे त्या घाईत ठरतं. तुमच्या आत्याबाईंच्या बाबतीत असंच काही झालं असावं.

राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड १९ सप्टेंबर २०१५ ला लोकांना खुला झाला. किती प्रकरणं तुंबली, किती वर्षांची, कशामुळे, सगळं तिथे दिसतं आणि वर्तमानपत्रं त्यावर अग्रलेख लिहितात. ते आकडे संध्याकाळी दमलेल्या माणसाने यादीतून निवडलेल्या पर्यायावर उभे असतात. नेमका टप्पा यादीत सापडला नाही की जवळचा दिसेल तो निवडायचा. दुसरं काय करणार?

लिंबूसोडा:
+१. ‘मेमो माणसाला मिळतो’ हे कुठल्याही सरकारी संगणकीकरणावर लिहून ठेवा.

बाइटवाला:
मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, मूळ फोंड्याचा. काका, तुमच्या प्रतिसादात आख्खं डिझाइन डॉक्युमेंट आहे. तारीख देतानाच ती प्रणालीत पडली पाहिजे, आणि फायलीवर, रोजनाम्यात, ॲपवर, उद्याच्या बोर्डावर तिथूनच गेली पाहिजे. नोंद एकदाच, बाकी सगळे तिच्या छपाया. बेंच क्लार्कसमोर त्या क्षणाला दोन टिचक्यांत काम होईल असा पडदा नसेल तर तो संध्याकाळवरच ढकलणार.

सगळं मोडून नवं बांधा असं मात्र म्हणू नका. सीआयएसची रचना ‘गाभा आणि परिघ’ अशी आहे. गाभा देशभर एकच, परिघ ज्या त्या उच्च न्यायालयाने आपल्या गरजेप्रमाणे बांधायचा. कल्पना उत्तम. गोव्याची अडचण अशी की आपलं उच्च न्यायालय मुंबईचं. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या मानाने आपले जिल्हे म्हणजे चिमूटभर. त्यामुळे जे फक्त गोव्यातच चालतं त्यासाठी परिघात वेगळं काम करून घ्यायला कोणीतरी सतत पाठीस लागायला हवं.

साधं उदाहरण, नावाने शोध. माझ्या आजोबांच्या नावावरची एक जुनी केस मी शोधत होतो. आडनाव कामत. पण पोर्तुगीज कागदांत आम्ही ‘सी’ने सुरू होणारे कामोतिम. नाईक ‘क्यू’ घेऊन येतात, शिरोडकरांच्या ‘कर’मध्ये ‘के’ऐवजी ‘सी’ येतो, शेणवी तर सिनाय होतात. बापाच्या नावाची एक स्पेलिंग, मुलाची दुसरी, आणि दाव्यात वकिलाने लिहिली ती तिसरी. ई-कोर्ट्सच्या शोधात जे अक्षर टाकाल त्याच अक्षराने उत्तर येतं. गोव्यातल्या आडनावांच्या पर्यायी स्पेलिंगांचा एक कोश शोधाच्या मागे जोडला की काम झालं. दोन जाणकार आणि एक प्रोग्रामर, एवढ्यात होण्यासारखं आहे. जमीन घेण्याआधी तिच्यावर दावा चालू आहे का हे बघणाऱ्याला याची किंमत कळेल.

काळा_कोट:
बाइटवाला, कोश करायला घ्याल तेव्हा ‘प्रभू’ म्हणजे पोरोबो हे विसरू नका. माझ्या एका अशिलाचे चुलते चार आणि स्पेलिंगं पाच आहेत.

सत्तरीकर:
सगळे कोर्टाबद्दल बोलताय. आमच्यासारख्यांचं अर्धं कोर्ट मामलेदाराच्या कचेरीत आहे, ते कोणाच्या गावीच नाही.

मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेतल्या घरात राहणारा. मुंडकाराचा कायदा १९७५ चा. भाटकाराने घर सोडायला सांगितलं आणि दिवाणी कोर्टात दावा घातला, आणि समोरच्याने ‘मी मुंडकार’ म्हटलं, की दिवाणी न्यायाधीश ते ठरवू शकत नाही. तेवढा मुद्दा मामलेदाराकडे पाठवायचा आणि दावा थांबवून ठेवायचा. मामलेदाराकडे निवडणुका आहेत, दाखले आहेत, पावसात पडझडीचे पंचनामे आहेत. सुनावणी जमेल तेव्हा. त्याच्या निकालावर अपील वर कलेक्टरकडे, तिथून प्रशासकीय लवाद, तिथून पर्वरीला उच्च न्यायालय. प्रत्येक पायरीवर नवा नंबर.

या सगळ्या वर्षांत सीआयएसमध्ये काय दिसतं? दावा प्रलंबित. न्यायाधीशाच्या नावावर जुनं प्रकरण म्हणून मोजला जातो, आणि तो बिचारा काही करू शकत नाही. खाली मामलेदाराने निकाल दिला तरी कोर्टाला आपोआप कळत नाही. कोणीतरी प्रत काढून, अर्ज करून, दावा पुन्हा जागा करायचा. वकील बदललेला असेल किंवा म्हातारा वारला असेल तर तेही होत नाही. आमच्या वाड्यावर असा एक दावा आहे. मूळचे दोन्ही पक्षकार वारले, आता त्यांच्या नातवंडांना एकमेकांशी भांडायचंच नाहीये, पण दावा आहे.

मांडवीकाठ:
सत्तरीकर, देव बरें करूं. धागा काढताना मामलेदार माझ्या डोळ्यांसमोर नव्हता आणि खरं दुखणं तिथेच दिसतंय. सीएनआर कोर्टाच्या दारात जन्मतो आणि कोर्टाच्या दारातच थांबतो. महसुली बाजू शासनाची, ही बाजू न्यायव्यवस्थेची, त्यामुळे दोन प्रणाली एक होणार नाहीत, होऊही नयेत. पण ‘तुम्ही पाठवलेला मुद्दा निकाली निघाला’ एवढा एक निरोप एका संगणकातून दुसऱ्यात जायला काय हरकत आहे? पोलिस, तुरुंग, प्रयोगशाळा आणि कोर्ट यांना जोडणारी आयसीजेएस देशात उभी आहेच. फौजदारीला जे जमलं ते जमिनीच्या बाबतीत का नको?

दूरदेशी_गोंयकार:
मी दुबईत. आईच्या मागे इन्व्हेंटरी प्रकरण चालू आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: गोव्यात वारसाहक्क १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आला, आता त्याजागी २०१२ चा गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा आहे, २०१६ च्या डिसेंबरात लागू झालेला. सगळे वारस, सगळी मालमत्ता एकाच प्रकरणात मांडायची, मग वाटणी, आणि जमलं नाही तर वारसांतच बोली.

आमचे वारस गोवा, मुंबई, लिस्बन, स्विंडन असे पसरलेत. प्रत्येकाला नोटीस पोहोचल्याशिवाय गाडं हलत नाही. परदेशात नोटीस बजावायची तर हेग कराराच्या वाटेने, मध्यवर्ती प्राधिकरणांमार्फत. चुलतभाऊ त्याच वेळी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्यांना शुभ सकाळ पाठवत असतो! आपण होऊन ‘मला नोटीस मिळाली, मी ऑनलाइन हजर होतो’ म्हणणाऱ्या वारसाची ओळख पटवून त्याला प्रकरणात घेणारी सोय पोर्टलवर असती तर आमचं प्रकरण कितीतरी पुढे गेलं असतं. एखाद्याला नको असेल तर त्याच्यासाठी ठेवा हेगची वाट.

व्हिडिओवर हजेरी लावता येते, ती चांगली चालते, एवढं चांगलंही नोंदवते.

खवचट_खेकडा:
सगळं संगणकावर टाका म्हणणाऱ्यांनी २०२२ आठवावं. जुन्या नोंदी आणि विक्रीपत्रं बनावट करून लोकांची घरं-जमिनी लाटल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं, वर निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग. कागद बनावट होतो तर स्कॅन होणार नाही? २०३८ कोटींत बनावट कागदाचं सुबक रंगीत पीडीएफ मिळेल, बास.

बाइटवाला:
खेकडाबाब, बनावट कागद स्कॅन केला म्हणून खरा होत नाही, बरोबर. पण स्कॅन झाल्या दिवशी त्या फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढून वेगळ्या ठिकाणी नोंदवला, तर त्यानंतर कोणी पान बदललं तर पकडलं जातं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात आता हॅश द्यावाच लागतो, १ जुलै २०२४ पासून. कागदाच्या फायलीतलं पान बदललं तर काय कळतं?

खवचट_खेकडा:
आणि स्कॅन होण्याआधी बदललं असेल तर?

बाइटवाला:
तर नाही कळणार.

जुनी_दप्तरं:
खेकडाबाबांची शंका रास्त आहे म्हणून मुद्दाम लिहितो. स्कॅनिंग म्हणजे यंत्रातून कागद फिरवणं नव्हे. त्याच्या आधी फाइल लावावी लागते. अनुक्रमणिकेत लिहिलेली पानं फायलीत आहेत का, निशाण्या जागेवर आहेत का, हे माहीतगार माणसाने बघायला हवं. पान नसेल तर त्याच वेळी ‘नाही’ असं लिहून सही करायला हवी. ठेकेदाराच्या रोजंदारीवरच्या मुलाला निशाणी आणि जोडपत्र यातला फरक कोण शिकवणार? पोर्तुगीज हस्ताक्षरातला कागद उलटा स्कॅन झाला तरी त्याला समजणार नाही. मलाही कधीकधी समजत नसे.

पण थांबूनही चालणार नाही. आपल्या हवेत कागद टिकत नाही. जून लागला की रेकॉर्ड रूमच्या भिंती पाझरतात, गठ्ठ्यांना बुरशी धरते, आणि वाळवी खालच्या फळीपासून सुरुवात करते. खालच्या फळीवर सगळ्यांत जुन्या फायली असतात. मी तर म्हणेन स्कॅनिंग खालच्या फळीपासून सुरू करा. आज दाखल होणारं तर पीडीएफमध्येच येतंय.

घाटावरची:
अवांतर: आमच्याकडे कोल्हापूर भागातही हेच रडगाणं आहे, फक्त वाळवीऐवजी उंदीर. साक्षी टिपण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून तिथल्या खालच्या न्यायालयांत आवाजावरून जबानी टाइप करणारी प्रणाली वापरायला सांगितली आहे. गोव्यात चालेल?

काळा_कोट:
घाटावरची ताई, चालावी असं मनापासून वाटतं, लगेच चालेल असं वाटत नाही. इथे साक्षीदार कोंकणीत बोलतो, पेडणे-सत्तरीकडचा मराठीवर येतो, न्यायाधीश ते इंग्रजीत करून सांगतात, आणि स्टेनो ते इंग्रजी टाइप करतो. सासष्टीची कोंकणी आणि पेडण्याची कोंकणी यांत आमचीच त्रेधा उडते. आधी मूळ जबानीचा आवाज तेवढा जपून ठेवा. ‘साक्षीदार असं म्हणालाच नव्हता’ हा अपिलातला वाद ऐकून मिटेल. टाइप करणारं यंत्र नंतर येऊ दे.

केरळचंच घ्यायचं तर कोल्लमचं चोवीस तास चालणारं ऑनलाइन कोर्ट बघा, २०२४ मध्ये सुरू झालेलं, फक्त चेक न वटल्याच्या प्रकरणांसाठी. प्रकरण दाखल करण्यापासून सगळं ऑनलाइन. एकच प्रकार निवडला आणि त्याची पहिल्या पानापासूनची रीत बदलली. ३३ कोटींच्या ओळीचा अर्थ तिथे दिसतो.

मांडवीकाठ:
म्हणजे गोव्यातही एक प्रकार निवडून सुरुवात करावी. पण काकांनी सांगितलेल्या वहीचं काय? ती बंद करायचा अधिकार कोणाकडे? जिल्हा न्यायाधीश करू शकतात?

काळा_कोट:
जिल्हा न्यायाधीश आपल्या मनाने नाही करू शकत. राज्यघटनेचा अनुच्छेद २२७ वाचा. खालच्या न्यायालयांवर देखरेख उच्च न्यायालयाची, आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनी वह्या, नोंदी, हिशेब कोणत्या नमुन्यात ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्याच अनुच्छेदात उच्च न्यायालयाला दिलेला आहे. राज्यपालांची पूर्वसंमती लागते. म्हणजे वही हटवायला पैसा फारसा लागत नाही, एक नियम लागतो. ‘अमुक नोंद सीआयएसमध्ये ठेवली की ती वहीच समजावी, तपासणीही तिथेच व्हावी’ एवढं वाक्य. आमच्या वकील संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडायला मी तयार आहे. पण सगळ्या वह्या एकदम म्हटल्या तर कोणी ऐकणार नाही. दप्तरंकाका, सुरुवात कुठल्या वहीपासून करायची?

जुनी_दप्तरं:
नकलांच्या, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या प्रमाणित प्रतींच्या, अर्जांची. तिच्यावर कोणाचा हक्क बुडत नाही, पुराव्याला ती कोणी मागत नाही, आणि ‘माझी नक्कल तयार झाली का’ हे विचारायला रोज सगळ्यांत जास्त माणसं त्याच खिडकीपाशी उभी असतात. अर्ज चढला, फी भरली, फाइल रेकॉर्डमधून आली, नक्कल तयार, ही चार टोकं मोबाइलवर दिसली की खिडकी मोकळी होते आणि तिथला माणूस संध्याकाळच्या तारखा भरायला मिळतो. समन्साची वही सर्वांत शेवटी घ्या. समन्सं बजावणाऱ्या बेलिफांशी आधी बोलल्याशिवाय तिला हात लावू नका.